मुक्या भाषेची साक्षरता

पहाटेचा उजेड पुरता पसरण्यापूर्वीच आपल्या देशातील गावांत आणि शहरांत काही माणसे रस्त्यावर आलेली असतात. वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, दूधवाला, सफाई कामगार, रात्रपाळी संपवून परतणारा रखवालदार, चार घरची धुणीभांडी करायला निघालेली बाई, ही ती माणसे. त्यांच्याही आधी रस्त्यावर हजर असतो तो कुत्रा. कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर तो अंगाचे वेटोळे करून पडलेला असतो. पावलांची चाहूल लागताच तो मान वर करतो, त्याचे कान हलतात, अंग ताठते किंवा सैलावते. त्या दोन-चार क्षणांत त्याने बरेच काही सांगितलेले असते. माणसाला मात्र त्यातले फारच थोडे कळते. तो एक तर दगड उचलण्यासाठी वाकतो, नाहीतर पळत सुटतो. आणि पुष्कळदा या दोन्ही कृतींमुळेच, जे घडू नये ते घडते.

कुत्र्याला भाषा असते, असे म्हटले की ती श्वानप्रेमींची हौस वाटते. प्रत्यक्षात ही गोष्ट हौसेची नाही. ज्या देशात कोट्यवधी माणसे आणि कोट्यवधी कुत्री एकाच रस्त्याचा, एकाच उकिरड्याचा आणि एकाच सावलीचा वाटा घेतात, तेथे त्या प्राण्याचे म्हणणे वाचता येणे ही एक प्रकारची साक्षरता आहे. तिच्या अभावी माणसाला इजा होते आणि कुत्र्याला शिक्षा होते. कुत्रा अचानक चावला असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा बहुतेक प्रसंगी तो अचानक चावलेला नसतो. चावा हे एका लांबलेल्या संभाषणातील शेवटचे वाक्य असते. आधीची सारी वाक्ये समोरच्या माणसाने वाचलेली नसतात, एवढाच त्या 'अचानक' शब्दाचा अर्थ.

माणूस आणि कुत्रा यांची सोबत नवी नाही. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये एक प्राचीन दफन सापडले. त्यात एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यासोबत कुत्र्याचे अवशेष होते. ते दफन सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहे. काश्मीरमधील श्रीनगरजवळच्या बुर्झहोम या नवाश्मयुगीन वस्तीतही माणसांबरोबर पुरलेली कुत्री आढळली आहेत. महाभारतात युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी उभा असतानाही सोबत आलेल्या कुत्र्याला सोडायला तयार होत नाही. महाराष्ट्रात खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो, दत्तात्रेयाच्या भोवती चार कुत्री असतात. कुत्र्याने पळवलेल्या कोरड्या पोळीला तूप लावून द्यावे म्हणून संत नामदेव त्याच्यामागे धावले, ही कथा मराठी घराघरांत सांगितली जाते. श्रद्धेत आणि कथेत कुत्र्याला एवढे जवळचे स्थान देणाऱ्या समाजाने त्याची भाषाही शिकून घेतली असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सहवासाने ओळख होते, समज येतेच असे नाही. शेजारच्या घरातील माणसाचे बोलणे आयुष्यभर कानांवर पडूनही त्याचे मन अनोळखी राहू शकते. तसेच येथे झाले आहे.

मराठी भाषेत या ओळखीच्या खुणा ठिकठिकाणी दिसतात. भिऊन माघार घेणाऱ्याने 'शेपूट घातले' असे म्हटले जाते. सावध झालेला माणूस 'कान टवकारतो'. चिडलेला 'गुरगुरतो', लोचट मनुष्य 'शेपूट हलवतो'. हे वाक्प्रचार ज्यांनी घडवले त्यांनी कुत्र्याकडे डोळसपणे पाहिले होते, यात शंका नाही. घाबरलेला कुत्रा खरोखरच शेपूट दोन पायांच्या मध्ये घालतो आणि आवाजाचा वेध घेताना त्याचे कान खरोखरच उभे होतात. तथापि याच भाषेत 'भुंकणारे कुत्रे चावत नाही' अशी म्हणही आहे. माणसाच्या पोकळ धमक्यांबद्दल ती म्हण खरी असेल. खऱ्या कुत्र्याबद्दल ती खोटी आणि धोकादायक आहे. भुंकणारे कुत्रे चावू शकते आणि न भुंकणारेही चावू शकते. भुंकणे म्हणजे केवळ लक्ष वेधण्याची हाक असते. तिचा अर्थ काय, हे बाकीचे शरीर सांगते.

बाकीचे शरीर सांगते, हा मुद्दा चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने दीडशे वर्षांपूर्वीच स्पष्ट केला होता. माणूस आणि प्राणी आपल्या भावना कशा व्यक्त करतात, याविषयीचा त्याचा ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने कुत्र्याच्या दोन अवस्था समोरासमोर मांडल्या आहेत. परका दिसताच शत्रुत्वाने पुढे जाणारा कुत्रा ताठ पावले टाकतो. त्याचे डोके किंचित उंचावलेले असते, शेपूट वर आणि कडक असते, मानेवरचे व पाठीवरचे केस उभे राहतात, कान पुढे रोखलेले असतात आणि नजर स्थिर असते. तेवढ्यात तो परका म्हणजे आपलाच धनी आहे असे त्याच्या लक्षात आले, तर क्षणात सारे उलटते. शरीर खाली झुकते आणि लवचिक होते, शेपूट खाली येऊन दोन्ही बाजूंना डुलू लागते, केस बसतात, कान मागे जातात. एका अवस्थेतील प्रत्येक खूण दुसऱ्या अवस्थेत तिच्या विरुद्ध झालेली असते. या निरीक्षणातून एक साधा धडा मिळतो. कुत्र्याचा एखादा अवयव वेगळा काढून वाचू नये. एकेक अक्षर सुटे ठेवले तर शब्द लागत नाही. तसेच शेपूट, कान, डोळे, तोंड आणि अंगाचा ताठपणा ही सर्व अक्षरे एकत्र जोडली, तरच कुत्र्याचा शब्द लागतो.

हा धडा विसरल्यामुळे सर्वांत जास्त फसगत होते ती शेपटीबाबत. शेपूट हलले म्हणजे कुत्रा खूश आहे, असा सार्वत्रिक समज आहे. खरे पाहता शेपूट हलणे म्हणजे कुत्र्याच्या मनात खळबळ आहे, एवढेच. ती खळबळ आनंदाची आहे, भीतीची आहे की रागाची, हे शेपूट कोठे आहे आणि कसे हलते यावरून ठरते. पाठीच्या रेषेत किंवा तिच्या खाली राहून, मागच्या सर्व अंगासह मोकळेपणाने डोलणारे शेपूट मैत्रीचे असते. उंच उभे राहून काठीसारखे ताठ आणि थरथरल्यासारखे भरभर हलणारे शेपूट इशाऱ्याचे असते. पोटाखाली दडलेले असूनही टोकाशी हलणारे शेपूट भीतीचे आणि विनवणीचे असते. इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये याहूनही सूक्ष्म गोष्ट दाखवून दिली. मालक दिसताच कुत्र्याचे शेपूट त्याच्या उजव्या बाजूला अधिक झुकत होते, आणि वरचढ वाटणारा अनोळखी कुत्रा दिसताच डाव्या बाजूला. हा फरक साध्या डोळ्यांना सहज दिसणारा नाही. परंतु त्याच गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, दुसरे कुत्रे तो ओळखतात आणि डावीकडे झुकणारे शेपूट पाहून अस्वस्थ होतात. ज्या शेपटीकडे पाहून माणूस 'बघा, किती खूश आहे' असे म्हणून मोकळा होतो, ती एवढी बारकाईने बोलत असते.

मोठ्या खुणा चुकीच्या वाचल्या जातात, तर लहान खुणा वाचल्याच जात नाहीत. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, समोर खाऊ नसताना नाकावरून झटकन फिरवलेली जीभ, पापण्यांची वारंवार उघडझाप, बाजूला वळवलेले तोंड, अंग ओले नसताना दिलेली झाडणी, वाटेत थांबून उगाच जमीन हुंगणे या साऱ्या क्षुल्लक वाटणाऱ्या हालचालींतून कुत्रा बोलत असतो. नॉर्वेतील श्वानप्रशिक्षक तुरिद रुगास यांनी अशा खुणांना 'शांत करणारे संकेत' म्हटले आणि त्यांच्याकडे जगभरच्या श्वानपालकांचे लक्ष वेधले. मला भांडण नको आहे, मला थोडे अवघडल्यासारखे होत आहे, थोडे दूर सरा, असा त्यांचा आशय असतो. त्या ऐकल्या गेल्या नाहीत की कुत्रा एकेक पायरी वर चढतो. इंग्लंडमधील पशुवैद्य केंडल शेपर्ड यांनी या चढणीचे चित्र एका शिडीच्या रूपात काढले आहे. खालच्या पायऱ्यांवर जांभई आणि नाक चाटणे असते. त्यानंतर तोंड फिरवणे, अंग फिरवणे, निघून जाणे, कान मागे टाकून दबकणे, शेपूट घालणे येते. त्याहून वर अंग ताठरणे व रोखून पाहणे, मग गुरगुरणे, मग हवेत दात वाजवणे. आणि अगदी शेवटच्या पायरीवर चावा. प्रत्येक कुत्रा प्रत्येक पायरीवर तितकाच वेळ थांबतो असे नाही. खालच्या पायऱ्यांवर आपले कोणी ऐकत नाही असा ज्याचा अनुभव आहे, तो त्या गाळून थेट वर जायला शिकतो.

घराघरांत घडणारा एक प्रसंग या शिडीच्या आधारे पाहता येईल. पाळलेला कुत्रा कोपऱ्यात पहुडलेला आहे. चार वर्षांचे मूल त्याच्या गळ्यात हात टाकून त्याला घट्ट आवळते. मोठी माणसे कौतुकाने मोबाइलवर छायाचित्र काढतात. त्या छायाचित्रात मुलाच्या चेहऱ्यावर हसू असते. कुत्र्याचे तोंड मात्र दुसरीकडे वळलेले, कान मागे गेलेले आणि डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा उघडा पडलेला असतो. माणसाला मिठी म्हणजे माया वाटते. पुष्कळ कुत्र्यांना मात्र ते जखडून ठेवणे वाटते. कुत्र्याने तोंड वळवले, डोळे फिरवले, जीभ फिरवली. तरी मिठी सुटली नाही. मग तो गुरगुरतो. तेवढे मात्र सर्वांना ऐकू येते आणि त्याबद्दल त्याला चापट बसते.

या चापटीइतकी घातक चूक दुसरी नाही. गुरगुरणे हा अपराध नव्हे. ती सूचना होय. चावण्याची ताकद असूनही कुत्रा आधी तोंडाने सांगतो, ही त्याची सभ्यताच म्हणावी लागेल. गुरगुरल्याबद्दल मार खाणारा कुत्रा शांत होत नाही, तो केवळ गप्प होतो. त्याची भीती किंवा वेदना तशीच राहते, तिची घंटा तेवढी काढून घेतली जाते. पुढच्या वेळी तोच कुत्रा पूर्वसूचना न देता चावला, तर त्या मौनाची जबाबदारी घंटा काढून घेणाऱ्यांवर येते. कुत्रा गुरगुरला तर मुलाला शांतपणे बाजूला करावे, कुत्र्याला मोकळी वाट द्यावी आणि तो कशामुळे अस्वस्थ झाला याचा शोध घ्यावा. त्याचा कान दुखत असेल, त्याच्या ताटलीजवळ कोणी गेले असेल, त्याची झोपमोड झाली असेल. कारण सापडले की उपायही सापडतो.

माणूस कुत्र्याचे न बोललेलेही वाचतो, ही तर आणखी गमतीची गोष्ट. घरातील चप्पल फाडून ठेवलेला कुत्रा मालकासमोर मान खाली घालतो, कान पाडतो, नजर चुकवतो. त्याला आपली चूक कळली, असे मालक म्हणतो. अमेरिकेतील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या 'अपराधी' चेहऱ्याची परीक्षा घेतली. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला आहे की नाही याबाबत काही मालकांना खरी, तर काहींना खोटी माहिती देण्यात आली. तेव्हा असे दिसले की, हा चेहरा चुकीवर अवलंबून नव्हता. तो मालकाच्या रागावण्यावर अवलंबून होता. ज्यांनी काहीच केले नव्हते त्या कुत्र्यांनीही मालक रागावताच तोच चेहरा केला. माणूस ज्याला कबुलीजबाब समजतो, ती केवळ 'रागावू नका' अशी विनवणी असते. तिचा अर्थ कबुली असा लावून शिक्षा वाढवली जाते, तेव्हा विनवणी करणाऱ्यालाच विनवणीबद्दल मार बसतो.

माणसाची समज अशी अपुरी असताना दुसऱ्या बाजूने कुत्र्याने मात्र माणसाचा अभ्यास कसून केला आहे. माणसाने बोटाने दाखवलेल्या दिशेला अन्न आहे हे ओळखण्यात कुत्री चिंपांझींपेक्षा सरस ठरतात, असे ब्रायन हेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले. हंगेरीतील शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात कुत्र्यांना शांत पडून राहायला शिकवून त्यांची परीक्षा घेतली. कौतुकाचा शब्द कौतुकाच्याच सुरात उच्चारला गेला, तेव्हाच त्यांच्या मेंदूतील आनंदाचे केंद्र अधिक जागृत झाले. याचा अर्थ कुत्रा शब्द ऐकतो आणि सूरही ऐकतो. २०१९ मध्ये असेही आढळले की, भुवईची आतली कड वर उचलणारा एक स्नायू कुत्र्यांच्या चेहऱ्यात चांगला विकसित झालेला आहे. लांडग्यांमध्ये तो तसा आढळत नाही. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहिल्यामुळे कुत्र्याचा चेहराच माणसाशी बोलण्यासाठी घडत गेला असावा.

हे सारे लाडाकोडात वाढलेल्या विदेशी कुत्र्यांपुरते आहे, असेही नाही. भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेच्या कोलकाता येथील केंद्रात अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करतात. २०२० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १६० भटक्या कुत्र्यांसमोर झाकलेली दोन भांडी ठेवण्यात आली आणि त्यांपैकी एकाकडे माणसाने बोट दाखवले. या कुत्र्यांना कोणी कधी शिकवले नव्हते. तरीही जी कुत्री भांड्यांजवळ आली, त्यांतील सुमारे ८० टक्के कुत्री बोट दाखवलेल्या भांड्याकडेच गेली. मात्र जवळपास निम्मी कुत्री जवळ आलीच नाहीत. ती बिचकलेली होती. माणसाचा हात काय दाखवतो हे कळण्यापूर्वी त्या हाताने पूर्वी काय फेकले होते, हे त्यांना आठवले असावे. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या वागण्यात असा माणसाच्या वागण्याचा इतिहास साठलेला असतो.

माणसाचे शरीरही सतत बोलत असते, आणि कुत्रा ते आपल्या व्याकरणाने वाचतो. माणसाच्या समाजात डोळ्यांत डोळे घालून पाहणे प्रामाणिकपणाचे मानले जाते. अनोळखी कुत्र्याच्या दृष्टीने ते आव्हान असते. वाकून डोक्यावर हात ठेवणे ही माणसाची माया. कुत्र्याला तो वरून आलेला दबाव वाटतो. घाबरून किंचाळणे आणि पळणे ही माणसाची स्वाभाविक प्रतिक्रिया. पळणाऱ्याचा पाठलाग करणे ही कुत्र्याची तितकीच स्वाभाविक प्रतिक्रिया. म्हणूनच रस्त्यावर कुत्रा ताठ उभा राहून रोखून पाहत असेल, तर जागीच थांबावे. हात अंगाशी सरळ ठेवावेत, नजर बाजूला वळवावी, अंग किंचित तिरके करावे आणि कुत्र्याचा ताठपणा कमी होताच, पाठ न फिरवता, सावकाश मागे सरावे. हातात पिशवी, छत्री किंवा सायकल असेल तर ती आपल्या आणि त्याच्या मध्ये धरावी. अंगावर येऊन पडलेच, तर जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन मान आणि चेहरा हातांनी झाकावा. पिलांजवळ असलेल्या कुत्रीच्या, खात असलेल्या किंवा झोपलेल्या कुत्र्याच्या जवळून जाताना चार पावले वळसा घालावा. ज्याच्याशी मैत्री करायची आहे त्याच्याकडे आपण जाऊ नये. त्याला आपल्याकडे येऊ द्यावे, हुंगू द्यावे. हुंगणे ही त्याची ओळख करून घेण्याची रीत आहे. पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर ठेवून तो वाकला, तर ते खेळाचे निमंत्रण समजावे.

ही शिकवण सर्वांत आधी मुलांपर्यंत पोहोचली पाहिजे. लहान मुलांची उंची कुत्र्याच्या तोंडाबरोबर असते, त्यामुळे त्यांना होणारी इजा बहुधा चेहऱ्याला आणि मानेला होते. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठात झालेल्या अभ्यासांत असे आढळले की, दात विचकलेल्या कुत्र्याचा चेहरा लहान मुलांना पुष्कळदा हसरा वाटतो. मुलांच्या चित्रपुस्तकांत दात दाखवणारा चेहरा म्हणजे आनंदी चेहरा. मग त्यांनी दुसरे काय समजावे? बालवयात मुलांना रस्ता ओलांडण्याचे नियम शिकवले जातात, विस्तवाचे भय सांगितले जाते. त्याच ओघात कुत्र्याच्या ताठ अंगाचा, दबलेल्या कानांचा आणि गुरगुरण्याचा अर्थ सांगायला वेगळा खर्च येत नाही. हे शिक्षण ज्या घरात आईवडिलांना असेल, त्या घरातील मुलांना ते आपोआप मिळेल.

या भाषाज्ञानाला एक मर्यादा आहे आणि ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. रेबीज झालेला म्हणजेच पिसाळलेला कुत्रा कोणतेही व्याकरण पाळत नाही. या रोगाचे विषाणू मेंदूपर्यंत पोहोचले की गरीब कुत्रा एकाएकी आक्रमक होतो, किंवा चपळ कुत्रा सुन्न होऊन पडून राहतो. आवाज बदलतो, लाळ गळते, चाल अडखळते, डिवचल्याशिवाय तो चावतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी २०२२-२३ मध्ये केलेल्या सर्वेक्षणावरून देशात दरवर्षी प्राण्यांच्या चाव्याचे सुमारे ९१ लाख प्रसंग घडतात, असा अंदाज निघाला. त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक चावे कुत्र्यांचे होते आणि रेबीजमुळे होणाऱ्या मृत्यूंची संख्या वर्षाला सुमारे ५,७०० इतकी मांडण्यात आली. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. परंतु वेळेवर उपचार केले तर हा रोग टाळता येतो. म्हणून कुत्रा ओळखीचा असो वा अनोळखी, चावा किंवा ओरखडा होताच जखम साबण आणि वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची असे काहीही तिला लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करावी आणि सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. पोटात घ्यायच्या वेदनादायक इंजेक्शनांचा काळ केव्हाच मागे पडला आहे; आता ही लस दंडातच दिली जाते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गैरवाजवी नाही. पहाटे पोटासाठी बाहेर पडणाऱ्या माणसाने कुत्र्याची भाषा का शिकावी? रस्ते निर्भय ठेवणे हे नगरपालिकेचे काम नाही काय? आहेच. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करण्याबाबत केंद्र सरकारने २००१ मध्ये नियम केले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आणले. दिल्ली आणि परिसरातील भटक्या कुत्र्यांना निवारागृहांत नेऊन तेथेच ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. २२ ऑगस्टला त्यात बदल करून निर्बीजीकरण व लसीकरणानंतर त्यांना मूळ जागी सोडावे, मात्र पिसाळलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांना सोडू नये, असे सांगितले. या काळात देशभर मोठा वाद झाला. एका बाजूला कुत्र्यांवर माया करणारे होते, दुसऱ्या बाजूला त्यांच्या चाव्यांनी पोळलेले. दोन्ही बाजूंच्या भावना खऱ्या होत्या. नियम कोणताही असो, तो नीट अमलात येणे आवश्यक आहे, आणि ज्या मजुराला चावा झाला त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात लस मिळालीच पाहिजे. कुत्र्याची भाषा शिकवून या जबाबदाऱ्या टाळता येणार नाहीत.

पण या जबाबदाऱ्या पूर्ण झाल्यावरही काही उरते. पाळीव कुत्रा तर नगरपालिकेच्या गाडीत बसून जाणार नाही. तो घरातच राहणार आहे, आणि कित्येक चावे ओळखीच्या कुत्र्यांचेच असतात. शिवाय भाषाज्ञानामुळे जे मिळते ते केवळ संरक्षण नसते. कुत्र्याच्या अंगाचा अर्थ ज्याला लागतो, त्याच्या मनातील भीती उगाच मोठी होत नाही आणि विश्वासही उगाच आंधळा होत नाही. रस्त्यात आडव्या पडलेल्या दहा कुत्र्यांपैकी कोणता कुत्रा झोपाळू आहे, कोणता घाबरलेला आहे आणि कोणत्यापासून दूर राहायला हवे, हे त्याला दिसते. सरसकट दगड उचलण्याची किंवा सरसकट गोंजारण्याची गरज त्याला उरत नाही. दुर्बल माणसाला तर या ज्ञानाचा अधिकच उपयोग आहे, कारण बंद मोटारीतून जाणाऱ्यापेक्षा पायी चालणाऱ्याचीच कुत्र्याशी रोज गाठ पडते.

अक्षरओळख होण्यापूर्वी दुकानावरच्या पाट्या, बसवरची नावे, कागदावरचा मजकूर म्हणजे नुसत्या काळ्या रेघा असतात. त्या रेघा आधीपासून तेथे होत्या, त्यांत अर्थही होता. वाचणाऱ्याला तो खुला झालेला नव्हता, इतकेच. कुत्र्याचे कान, शेपूट आणि नजर ही अशीच समोर असलेली, दररोज दिसणारी आणि तरीही न वाचलेली लिपी आहे. ती शिकायला पाटी-पेन्सिल लागत नाही. थोडे थांबून पाहण्याची सवय लागते. कुत्रा आपल्या परीने माणसाला सांगत आला आहे. ते वाचायला शिकण्याचे काम आता माणसाचे आहे.